ओटोची दोन मिनिटं

रेनो हकालाला रेनो म्हणून हाक मारणारी माणसं गावात दोनच. एक त्याची बायको आर्डिस आणि दुसरा दातांचा डॉक्टर, तोही अलीकडेच बाहेरून आलेला म्हणून. बाकी सगळ्यांसाठी तो 'शिट्टी'. नाव चिडवायलाच पडलं होतं. पण तीस-चाळीस वर्षं टिकलेल्या चिडवण्याला पुढे पुढे मानाची झाक येते, आणि आता बेकरीतली पोरगीसुद्धा त्याच्या पावाच्या पुड्यावर काही न विचारता 'शिट्टी' असंच लिहिते.

दिवसा तो लोखंडाच्या खाणीत ट्रक दुरुस्त करायचा. ज्यांचं एक चाकसुद्धा त्याच्या घराच्या दारातून आत आलं नसतं, असे ट्रक. संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी, थंडी धरल्यापासून ती सुटेपर्यंत, तो हॉकीचा पंच असायचा. बर्फावरच्या हॉकीचा. गवतावरही एक हॉकी असते असं त्या गावात कोणी सांगितलं असतं, तर लोकांनी सौजन्याने मान हलवली असती आणि हवापाण्याचा विषय काढला असता.

पंचांचे दोन प्रकार असतात. काही जण खेळ वाहू देतात. रेनोच्या हाताखाली खेळ थेंबाथेंबाने गळायचा. कोणी कोणाला खांदा लावला, एकाची काठी दुसऱ्याच्या काठीत जरा जास्त वेळ अडकली, की शिट्टी, हात वर, आणि गुन्हेगार दोन मिनिटांसाठी पेनल्टी बॉक्समध्ये. म्हणजे मैदानाच्या कडेच्या त्या काचेच्या खोपटात, जिथे बसून माणसाने पश्चात्ताप करावा अशी अपेक्षा असते आणि बहुतेक जण पाणी पितात. बायका त्याच्या मॅचला विणकाम घेऊन यायच्या. एका मॅचमध्ये तान्ह्या बाळाचा अख्खा स्वेटर विणून झाला, बाह्यांसकट, अशी गोष्ट अजून सांगतात. आर्डिस म्हणते बाह्या राहिल्या होत्या.

दिलेला निर्णय त्याने कधी फिरवला नाही. त्यामागे तत्त्व होतं. पंचाने एकदा निर्णय फिरवला की पुढची मॅच प्रेक्षक चालवतात, असं तो म्हणायचा. आर्डिसची आणि त्याची ओळखही अशाच एका न फिरवलेल्या निर्णयातून झाली. त्याने तिच्या भावाला बाहेर बसवलं होतं. मॅच संपल्यावर हा बाकावर बसून बुटांच्या नाड्या सोडत असताना ती मागून आली आणि त्याच्याबद्दल, त्याच्या डोळ्यांबद्दल आणि त्याच्या सगळ्या फिनिश खानदानाबद्दल आपलं मत तिने सविस्तर सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "दोनच मिनिटं होती." आपला शब्द शेवटचा व्हावा म्हणून आपण त्याच्याशी लग्न केलं, असं ती सांगते. तो झाला की नाही याबद्दल दोघांची मतं वेगळी आहेत.

पुढे गुडघे गेले. पंचांच्या संघटनेने निरोप समारंभात त्याला भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि सोनेरी मुलामा दिलेली शिट्टी दिली. घड्याळ स्वयंपाकघरात लागलं. सोनेरी शिट्टी काचेच्या कपाटात गेली. गळ्यात जुनीच राहिली. का, ते आर्डिसने विचारलं नाही, कारण सवयीला कारण विचारलं की ती जास्त घट्ट बसते हे तिला ठाऊक होतं.

त्यानंतरच्या वसंतात आर्डिसच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. रोज चाला, डॉक्टर म्हणाले. नुसतं चालणं हा प्रकार त्या गावात संशयास्पद समजतात, त्यामुळे कुत्रं हवंच होतं. गावाबाहेर ग्लेनिस नावाच्या बाईंच्या शेतावर लॅब्रेडोर कुत्रीला पिल्लं झाली होती. बाप कुंपणावरून आला होता, त्यामुळे जातीचा आग्रह कोणी धरत नव्हतं. एक पिल्लू आणायला दोघं गेली आणि दोन घेऊन आली. एकाच वेळची दोन भावंडं एका घरात नेऊ नयेत, असं ग्लेनिसने त्यांना सांगितलंही. नाहीच जमलं तर एक परत आणा, मी घेईन, असंही ती म्हणाली. आर्डिस एकाला मांडीवर आणि एकाला कोटात घेऊन गाडीत बसली होती आणि तिला ऐकू आलं नाही.

नावं तिने गाडीतच ठेवली, माहेरच्या दोन माणसांवरून. थोराड, बशीएवढ्या पंजांचा, जरा मठ्ठ चेहऱ्याचा नर तो ओटो, ओटोमामावरून. त्याच्या जेमतेम निम्मी, काळ्या टपोऱ्या डोळ्यांची मादी ती टिली, टिलीमावशीवरून.

"याच दोघांची का?" रेनोने विचारलं.

"बघशील," आर्डिस म्हणाली.

रेनोने जे बघितलं ते असं. सकाळी खाणं झालं की ओटो टिलीला फरशीवर आडवी पाडायचा. तिची अख्खी मान तोंडात धरायचा आणि झटकायचा. दोघांच्या घशातून लाकूड कापायची करवत सुरू व्हावी तसा आवाज निघायचा. तिचे पाय हवेत. मग एकदम "क्यांव". आणि त्या क्षणी स्वयंपाकघरात शिट्टी वाजायची. घरातली, बंद खिडक्यांतली. आर्डिसने पहिल्यांदा हातातलं अंडं सोडलं. पुढे ती शिट्टीच्या आधी अंडी खाली ठेवायला शिकली.

धुलाईयंत्राच्या खोलीच्या दाराला लहान बाळांसाठी असतं तसं जाळीचं फाटक लावून रेनोने पेनल्टी बॉक्स केला. ओटो आत. संघटनेच्या घड्याळावर दोन मिनिटं. मग सुटका. चार-पाच दिवसांत अशी स्थिती आली, की शिट्टी वाजली की ओटो उठून आपणहून धुलाईच्या खोलीकडे चालू लागायचा आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसायचा. रेनोने असे खेळाडू पाहिले होते. त्यांच्याबद्दल त्याला एक प्रकारचा आदर असे, पण त्याने शिक्षा कमी होत नसे.

टिली मात्र फाटकाबाहेर बसून ती दोन मिनिटं सतत भुंकायची. छळणाऱ्याला आता शिव्या मोजतेय, असा रेनोने त्याचा अर्थ लावला. सुटल्यावर ओटो स्प्रिंग सुटावी तसा बाहेर यायचा आणि दुसरी फेरी पहिलीपेक्षा दांडगी व्हायची. म्हणजे शिक्षेने न सुधारणारा. संध्याकाळी तर कहर. दोघं टेबलाभोवती वेड्यासारखी गरागरा फिरायची आणि समोर येईल ते चावायची, कधी एकमेकांना, कधी खुर्चीचा पाय, कधी रेनोच्या पँटची मुडप. अशा संध्याकाळी ओटो बाहेर कमी आणि आत जास्त असायचा.

बुधवारी टिलीच्या कानावर रक्त दिसलं. टाचणीच्या टोकाएवढं. रेनोने चष्मा लावून पाहिलं, भिंगाने पाहिलं, आणि ग्लेनिसला फोन केला. नर परत देतो म्हणाला. दांडगा आहे, एखाद दिवस हिला मारून टाकील. ग्लेनिसने कुरकुर केली नाही. डलुथ शहरातलं एक कुटुंब नर पिल्लू मागतच होतं. शनिवारी येऊन घेऊन जाते, ती म्हणाली, तसंही मला गावात खाद्य घ्यायला यायचंच आहे. तिच्या घरासमोरच खाद्याचं दुकान आहे हे दोघांनाही ठाऊक होतं, पण अशा गोष्टी बोलायच्या नसतात.

रेनोने फोन ठेवला आणि आर्डिसला सांगितलं.

"हं," आर्डिस म्हणाली.

ओटो तेव्हा तिच्या सपातांवर झोपला होता. घरी आल्या दिवसापासून ती जिथे बसेल तिथे तो तिच्या पायांवर येऊन पडे. पाय गरम राहतात, एवढंच ती म्हणायची. त्या संध्याकाळी ती नेहमीपेक्षा बराच वेळ बसून राहिली. दुसऱ्या दिवशी कोणाशी तरी फोनवर थोडं बोलली आणि मग अक्रोड फोडायला घेतले.

अक्रोड फोडायला घेतले म्हणजे पोतित्सा करणार. त्या गावातल्या स्लोव्हेनियन घरांतला हा अक्रोडाचा गोड पाव आहे. टेबलभर चादर पसरून त्यावर कणीक इतकी पातळ ताणतात की खालच्या चादरीवरची फुलं दिसावीत, मग सारण पसरून गुंडाळी करतात. दिवसभराचं काम. हा पाव नाताळात करतात किंवा कोणी गेलं की करतात. नाताळ कधीच होऊन गेला होता. रेनोला हे दिसलं आणि त्याने नजर वळवली. पंचाने प्रेक्षकांकडे बघायचं नसतं.

शनिवारी सकाळी मागचं दार न ठोठावता लुई ग्रादिशार आत आला. लुई मागच्या गल्लीपलीकडे राहतो. एके काळी तो गावच्या पोरांच्या संघाचा प्रशिक्षक होता. खूप वर्षांपूर्वी जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात रेनोने त्याचा डेनी नावाचा खेळाडू शेवटी शेवटी दोन मिनिटं बाहेर बसवला आणि त्या दोन मिनिटांत समोरच्यांनी गोल केला. लुईचं म्हणणं असं, की समोरच्या पोराने आधी डेनीच्या बरगडीत काठी खुपसली होती. डेनीने फक्त परतफेड केली. रेनोचं म्हणणं असं, की पंच दिसलेल्याची शिक्षा देतो, न दिसलेल्याचं देव बघून घेतो. या विषयावर ते दोघं तेव्हापासून जवळजवळ रोज बोलतात, आणि गावात त्यालाच त्यांची मैत्री म्हणतात.

"वास आला," लुई म्हणाला. "कोण गेलं?"

"अजून कोणी नाही," आर्डिस म्हणाली आणि त्याच्यासमोर कॉफी ठेवली.

लुईने जाळीच्या फाटकामागे भिंतीकडे तोंड करून बसलेला ओटो पाहिला. फाटकाबाहेर बसून भुंकणारी टिली पाहिली. घड्याळाखाली उभा असलेला रेनो पाहिला. चौकशी केली. रेनोने सगळं सांगितलं, कानावरच्या रक्तासकट. आज ग्लेनिस येईल आणि ओटो जाईल.

लुईने कॉफी ढवळली. साखर न घालताही तो ढवळतो. "म्हणजे दोन मिनिटांवरून थेट तडीपार," तो म्हणाला. "प्रगती आहे. मला एक सांगा पंचसाहेब, तुम्ही जन्मात एक तरी मॅच शिट्टी न वाजवता बघितली आहे का?"

रेनोने प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "टीव्हीवर," तो म्हणाला.

"टीव्हीवरही वाजवतो," आर्डिस ओट्याकडे तोंड करून म्हणाली. "मी चार लोकांत सांगत नाही."

लुईने हात पुढे केला. "आण इकडे. माझा हा कप संपेपर्यंत. तेवढ्यात टिली मेली तर मी खड्डा खणीन."

रेनोने आर्डिसकडे पाहिलं. आर्डिस पोतित्साचे काप करण्यात गुंतली होती. त्याने गळ्यातून दोरी काढली, ती टोपीत अडकली, सोडवली, आणि शिट्टी लुईच्या तळहातावर ठेवली. फाटक उघडलं. मग तो खुर्चीच्या काठावर बसला, दोन्ही हात गुडघ्यांखाली दाबून.

ओटो स्प्रिंगसारखा आला. टिली आडवी. मान तोंडात. करवत सुरू. रेनोच्या टाचा उचलल्या गेल्या. "क्यांव," टिली ओरडली, आणि तो उभाच राहिला.

"बस," लुई म्हणाला.

तो बसला. आणि मग त्याने जे पाहिलं ते त्याने यापूर्वी पाहिलं नव्हतं, कारण नेमक्या त्याच क्षणी शिट्टी वाजलेली असे. ओटोचं तोंड उघडलं. मान सुटली. तो दोन पावलं मागे सरकला, खाली बसला आणि फ्रिजकडे बघू लागला, जणू त्याला फ्रिजमध्ये पहिल्यापासून रस होता. टिली उठली. तिने अंग झाडलं. पुढचे पाय लांब पसरून छाती फरशीला टेकवली, मागचा भाग वर केला, शेपूट हलवली आणि उडी मारून ओटोच्या गालाला लोंबकळली.

लुईने कॉफीचा घोट घेतला. आर्डिसने येऊन कप पुन्हा भरला.

मग ओटो आपण होऊन उताणा पडला. कोणी पाडलं नव्हतं. टिली त्याच्या पोटावर चढून उभी राहिली, पुलाचं उद्घाटन करायला आलेल्या महापौरासारखी, आणि तिने त्याचा कान असा काही चावला की या वेळी ओटो ओरडला. जाडा, फुटका आवाज. याला ओरडता येतं हेच रेनोला ठाऊक नव्हतं. टिली थांबली. फार नाही, फार थांबणाऱ्यांतली ती नव्हती, पण थांबली. त्याचं तोंड चाटलं. पुन्हा सुरू.

कप अर्धा झाला. आर्डिसने भरला. लुईने कपाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि पुन्हा ढवळायला घेतलं.

"हे काही खरं नाही," शेवटी रेनो म्हणाला. "दार बंद आहे. तिने जायचं कुठे? बिचारी जमवून घेते."

यात तथ्य होतं. लुईलाही ते पटलं, आणि म्हणूनच त्याने ते मान्य केलं नाही. पण रेनोला बोलता बोलताच एक गोष्ट आठवली. बर्फावर दोन पोरं एकमेकांना भिडली की पंच काय करतो? दांडग्याला मागून कवेत धरतो आणि लहान्याचं काय होतं ते बघतो. लहान्याला पुरे झालं असेल तर तो मागे वळूनही न बघता आपल्या बाकाकडे जातो. पुरे झालं नसेल तर गोल वळसा घालून परत येतो. ही गोष्ट रेनोने इतक्या वेळा केली होती की ती झोपेतही जमली असती. स्वयंपाकघरात ती करून बघायचं त्याला सुचलं नव्हतं, कारण स्वयंपाकघरात शिट्टी वाजवणं सोपं होतं.

"आर्डिस, मागचं दार उघड," तो म्हणाला. "पूर्ण उघड."

तो गुडघ्यांवर बसला. गुडघ्यांनी दोघांनाही ऐकू जाईल असा निषेध नोंदवला. त्याने ओटोला मागून दोन्ही हातांनी धरलं. आर्डिसने दार उघडून धरलं. बाहेर ऊन होतं, वितळत्या बर्फाचा चिखल होता, पक्ष्यांच्या दाण्यांचा डबा होता, लहान कुत्र्याला संसारात लागतं ते सगळं होतं.

टिली दाराकडे गेली. उंबऱ्यावर थांबली. नाक वर केलं.

तर मग आपलंच बरोबर होतं, रेनोच्या मनात आलं. आणि त्याला आश्चर्य वाटलं, की आपलं बरोबर निघाल्याचा आनंद कुठे झालेला नाही. तळहाताखाली ओटोचं काळीज धडधडत होतं. धरलंय कशाला हे ओटोला कळत नव्हतं. तरी धरलं आहे तर ठीक आहे, असा त्याचा एकूण स्वभाव दिसत होता. त्याने मान वळवून रेनोचं मनगट चाटलं. आर्डिस दार धरून बाहेर बघत होती, अगदी सरळ बाहेर.

टिली उंबऱ्यावरून मागे फिरली. सरळ आली नाही. टेबलाखालून, लुईच्या बुटांना वळसा घालून, रेनोच्या पाठीमागून आली, आणि त्याच्या कोपराखालून तोंड घालून, हातांत धरून ठेवलेल्या, शिक्षा भोगत असलेल्या ओटोच्या शेपटीला तिने कडकडून चावा घेतला.

ओटोने मान फिरवली आणि गुरगुरला. हे रेनोला दिसलं. हे त्याला रोजच दिसत होतं, त्याआधीचा चावा कधी दिसला नव्हता. मान वळवून रेनोने मागे पाहिलं तोवर टिली हातभर लांब बसली होती आणि फ्रिजकडे बघत होती.

लुईने कप बशीत ठेवला, आवाज न करता.

"दिसलं?" त्याने विचारलं. अगदी हळुवारपणे, दवाखान्यात विचारतात तसं.

रेनोने ओटोला सोडलं. "दिसलं," तो म्हणाला.

"जरा मोठ्याने बोल. मला डाव्या कानाने कमी ऐकू येतं."

"टिलीमावशी," आर्डिस दार लावत म्हणाली, "एवढीशी होती. आमच्या घरातलं एकही लग्न भांडणाशिवाय पार पडलं नाही, आणि एकाही भांडणात ती सापडली नाही. दर वेळी ओटोमामाला बाहेर काढायचे. तो बिचारा अंगणात उभ्याने जेवायचा." तिने हात पुसले. "मी पहिल्याच तासात नाव ठेवलं. तुला काय वाटलं, मला नावं सुचत नव्हती?"

मग ग्लेनिस आली. तिने पिल्लू न्यायचा पिंजरा दाराशी ठेवला, आत जुनी निळी घोंगडी होती, आणि ती कॉफीला बसली. ज्यासाठी माणूस आलं आहे ती गोष्ट लगेच काढणं त्या गावात उद्धटपणाचं समजतात. त्यामुळे सगळे रस्त्यांवरच्या चिखलाबद्दल बोलले. गोठलेल्या तळ्यावरचा बर्फ फुटू लागल्याबद्दल बोलले. बर्फ फुटतोय हे ठाऊक असून ज्याने आपली गाडी तळ्यावर नेली आणि ज्याच्या गाडीची आता फक्त अँटेना दिसते, त्या माणसाबद्दल आदराने बोलले. ग्लेनिसने टिलीचा कान सहज हातात घेऊन पाहिला आणि सोडून दिला.

"दुधाचे दात. सुया असतात नुसत्या," ती म्हणाली. "ओरडणाऱ्या पिल्लाची मला काळजी वाटत नाही. गप्प झालं, अंग ताठ झालं, पलंगाखाली शिरलं ते बाहेर येईना, की तेव्हा उठायचं. आणि संध्याकाळी वेड लागल्यासारखी करतात ना, ती झोपेला आलेली असतात. तेव्हा दोघांना वेगवेगळं झोपवायचं. शिट्टी नाही वाजवायची."

शिट्टीचं तिला कसं कळलं, ते रेनोने विचारलं नाही. लुई हसू दाबत छताकडे बघत होता.

पोतित्साचा दुसरा काप झाला. ग्लेनिसने बोटांनी चुरा गोळा केला, म्हणजे आता निघायची वेळ झाली. "तर मग," ती दाराशी ठेवलेल्या पिंजऱ्याकडे बघत म्हणाली.

ओटो आर्डिसच्या सपातांवर येऊन पडला होता. रेनोचा हात छातीशी गेला. तिथे काही नव्हतं. त्याने घसा साफ केला. चाळीस हिवाळ्यांत जे वाक्य त्याने उच्चारलं नव्हतं, ते कसं सुरू होतं हेच त्याला नीट ठाऊक नव्हतं, म्हणून ते मधूनच सुरू झालं.

"निर्णय फिरवतोय," तो म्हणाला. "नर राहील. तुम्हाला फुकटचा हेलपाटा पडला."

लुईचा कप हवेतच थांबला होता.

"मला खाद्य घ्यायला यायचंच होतं," ग्लेनिस म्हणाली. "आणि डलुथच्या लोकांना मी गुरुवारीच सांगून टाकलं, नर शिल्लक नाही म्हणून. आर्डिसने फोन केला होता. पोतित्सा करतेय म्हणाली. नाताळ नाही, कोणी गेलेलं नाही. एवढं मला कळणार नाही का?"

रेनोने आर्डिसकडे पाहिलं.

"हं," आर्डिस म्हणाली. हा 'हं' बुधवारच्यापेक्षा वेगळा होता.

लुई खुर्ची पुढे ओढून घेत होता. त्याच्या चेहऱ्यावर कित्येक वर्षांनी ऊन पडलं होतं. "निर्णय फिरवता येतो, असं दिसतंय," तो म्हणाला. "म्हणजे त्या वर्षीचा डेनीचा जो..."

"नाही."

"मी अजून काही बोललोच..."

"ती दोन मिनिटं बरोबर होती," रेनो म्हणाला.

ग्लेनिस पिंजरा घेऊन निघाली तेव्हा तो फारच हलका लागला. मधल्या वेळात टिलीने आतली घोंगडी बाहेर ओढली होती, दुसरं टोक ओटोने धरलं होतं, आणि घोंगडीचे आता दोन तुकडे झाले होते. राहू दे, ग्लेनिस म्हणाली, झोपवायला होईल. लुई पोतित्साचे चार काप रुमालात बांधून घेऊन गेला. शिट्टी द्यायला तो विसरला. तो गल्ली ओलांडून गेल्यावर रेनोच्या ते लक्षात आलं, आणि लुई कधी काही विसरत नाही हेही लक्षात आलं.

संध्याकाळी ठरल्यासारखं वेड लागलं. टेबलाभोवती फेऱ्या, खुर्चीचा पाय, पँटची मुडप. रेनोने घोंगडीचा एक तुकडा स्वयंपाकघराच्या एका कोपऱ्यात टाकला, दुसरा आर्डिसच्या खुर्चीशी. टिलीला उचलून एकावर ठेवलं, ओटोला दुसऱ्यावर. दोघं बसल्या जागी डुलक्या घेऊ लागली.

तेवढ्यात गल्लीपलीकडून, लुईच्या अंगणातून, शिट्टी वाजली. लांब, स्वच्छ, अधिकारवाणीची. रेनोच्या शिट्टीचा आवाज रेनोने लांबून कधी ऐकला नव्हता. बराच कर्कश होता.

ओटोने डोळे उघडले. सुस्कारा टाकला, उठला, झोपेतच चालत धुलाईच्या खोलीत गेला आणि भिंतीकडे तोंड करून बसला. टिलीने मान वर केली. तीही उठली, त्याच्या मागोमाग आत गेली, तो नीट बसला आहे ना ते पाहिलं, त्याच्या मागच्या पायाला एक चावा घेतला आणि त्याच्यावर डोकं टाकून झोपली.

रेनो फाटक उघडायला उठला. फाटक उघडंच होतं. तो थोडा वेळ तिथे उभा राहिला आणि मग दिवा मालवून परत येऊन बसला.